पाळीला पाळी म्हणण्याविषयी

आपण विचारले आहे की मुलगी ११ वर्षांची झाली आहे, तिच्याशी पाळीविषयी मोकळेपणाने कसे बोलावे, आणि आमच्यापैकी कोणावर यावरून कधी लाजिरवाणा प्रसंग ओढवला होता का. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे उत्तर मला त्यातूनच सापडले.

मी खानापूर तालुक्यातली. आठवीत बेळगावला मावशीकडे राहून शिकत होते. शाळा मराठी माध्यमाची, पण कन्नडचा तास रोज असे. पाळी सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते आणि मधले दोन महिने ती आलीच नव्हती, त्यामुळे मी जवळजवळ विसरून गेले होते. जुलैच्या एका दुपारी कन्नडच्या सरांनी फळ्यावर शब्द लिहायला माझे नाव पुकारले, आणि उठता उठता स्कर्ट बाकाला चिकटल्यासारखा वाटला. स्कर्ट आकाशी रंगाचा होता. मी पुन्हा खाली बसले. सरांनी विचारले, "याके?", म्हणजे "का?" काय सांगावे? घरी आजी "कावळा शिवला" म्हणत असे, आई "बाहेरची आहे" म्हणे आणि मावशी नुसतीच "अडचण" म्हणे. यातले एकही वाक्य मुलांनी भरलेल्या वर्गात एका पुरुष शिक्षकाला सांगण्यासारखे नव्हते, आणि कन्नडमध्ये तर मला "होट्टे नोवु", म्हणजे पोटात दुखते, एवढेच येत होते. तेच मी म्हणाले. पोटात दुखते म्हणून फळ्यापर्यंत चालवत नाही काय, असे सर म्हणाले आणि वर्ग हसला. त्यांची चूक आहे असे मला आजही वाटत नाही. त्यांना जे सांगितले गेले, त्यावरच ते बोलले.

त्यानंतरचे दोन तास आणि मधली सुट्टी मी जागची हलले नाही. शाळा सुटल्यावर शेजारच्या बाकावरची मैत्रीण मागे थांबली. तिच्या घरी कन्नड बोलत असत. तिने काही विचारले नाही. डब्याच्या झाकणात पाणी आणले आणि फळ्याचे डस्टर घेऊन बाक पुसू लागली. डस्टरमधली खडूची भुकटी ओली होऊन हळूहळू गुलाबी होत गेली, ते मला अजून दिसते. मग तिने आपला रेनकोट माझ्या अंगावर चढवला आणि स्वतः भिजत घरी गेली. बेळगावच्या पावसात रेनकोट घातलेली मुलगी कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले की त्यांच्याकडे याला "मुट्टु" म्हणतात. मुट्टु म्हणजे स्पर्श. आमच्याकडे कावळा शिवतो, तोही स्पर्शच. आमच्याकडे बाई "बाहेरची" होते, त्यांच्याकडे "होरगे", म्हणजे बाहेरच. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर ज्या दोन भाषांचे आमच्या भागात कित्येक दशके जमत नाही, त्यांचे या एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत आहे, याचे मला पुढे अनेकदा हसू आले.

थोडा विचार केला तर दिसते की हे सगळे शब्द इतरांना "दूर राहा" असे कळवण्यासाठी झालेले आहेत. त्यांनी मदत मागता येत नाही. "मला कावळा शिवला आहे, एक पॅड द्या" असे कोणी म्हणून पाहावे. माझी त्या दिवशीची अडचण रक्ताची कमी आणि वाक्याची जास्त होती.

मुलीला आधी ते वाक्य द्यावे, आणि त्याबरोबर मला ज्या चार गोष्टी फार उशिरा कळल्या त्याही. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक आहे, म्हणजे बेसावध गाठले जाण्याचा संभव नेमका सातवी-आठवीतच अधिक. त्यात मुलीचा निष्काळजीपणा नसतो. पुढे साधारण २१ ते ३५ दिवसांचे चक्र बसते. एका पाळीत एकूण रक्त बहुधा ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे जाते. स्कर्टवर ते वाटीभर सांडल्यासारखे दिसते ही गोष्ट निराळी. पोटात कळ येते ती गर्भाशय आकुंचन पावल्यामुळे, आणि ते आकुंचन घडवणाऱ्या द्रव्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. मुलीला नाव सांगितले नाही तरी चालेल, पण दुखण्याला कारण आहे एवढे तिला कळू द्यावे. आणि रक्ताचा डाग थंड पाण्यात धुवावा. मी त्या संध्याकाळी बंबातले कढत पाणी घेतले आणि डाग कायमचा बसवला.

आडून बोलण्याची किंमत केवळ लाजेपुरती नसते, हे मी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत पाहिले. गौरी-गणपती आले की त्या कोणालाही न विचारता पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेत. अशा गोळ्या सर्वांनाच चालतात असे नाही. पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या धोक्याच्या ठरू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गोळ्यांचा संबंध असो वा नसो, पुढे चाळिशीत त्यांना जास्त रक्तस्राव होऊ लागला. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. दिवसाला किती पॅड लागतात, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या भावोजींकडे पाहिले आणि म्हणाल्या, "थोडे अंगावरून जाते." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७ पर्यंत खाली आलेले. तासाभरात पॅड भरत असेल, सात दिवसांपेक्षा अधिक दिवस जात असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर ते आकड्यांत सांगावे लागते. "थोडे" या शब्दावर डॉक्टर तरी काय करणार?

बाहेरचे जग थोडे बदलले आहे हे खरे. कर्नाटकात शुचि योजनेखाली २०१३-१४ पासून शाळकरी मुलींना पॅड देण्याची सोय सुरू झाली, २०१८ च्या जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोकरदार महिलांसाठी महिन्याला एक दिवस अशी वर्षाला १२ दिवसांची भरपगारी रजा मंजूर केली. मात्र ती रजा मागतानाही साहेबांपुढे शब्द उच्चारावा लागतोच.

तेव्हा मुलीला एखाद्या संध्याकाळी मुद्दाम शेजारी बसवून, दार लावून, आवाज खाली आणून बोलू नये. त्या खाली आणलेल्या आवाजातूनच तिला जे कळायचे ते कळते. भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, तिचे बाबा आणि भाऊ तिथेच असताना बोलावे. आमच्याकडे मी "आज मला पाळी आली आहे, ताक कोणीतरी घुसळा" असे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या महिन्यात माझा मुलगा उठून बाहेर गेला आणि तिसऱ्या महिन्यात ताकाची रवी कुठे आहे म्हणून विचारू लागला. देवघरात जावे की नाही हा वाद मी यात मिसळला नाही. तो मी सासूबाईंशी हरले आहे, आणि दोन्ही लढाया एकदम लढले असते तर दोन्ही हरले असते.

आणि मुलगी ११ वर्षांची आहे, तर थांबू नये. न्हाण आल्यावर ओटी भरण्याची गडबड असते, तेव्हा कोणी काही सांगत नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक चड्डी आणि वापरलेले पॅड गुंडाळायला जुने वर्तमानपत्र असे आजच ठेवून द्यावे. आमच्या भागात असाल तर दोन्ही भाषांतली वाक्ये तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्यावीत: "मला पाळी आली आहे, पॅड पाहिजे" आणि "ननगे मुट्टागिदे, प्याड बेकु." माझ्या भाचीने दुसरे वाक्य पहिल्यांदा म्हटले तेव्हा ती हसत सुटली. चौथ्यांदा म्हणताना तिने फक्त उच्चार बरोबर आहे का, एवढेच विचारले.