२००३ ची बोर्दो: बाटली गेलेली नाही, ते सालच तसं होतं

तुमचा प्रश्न असा: मेहुण्यांनी लंडनहून आणलेल्या, फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातल्या साँतेस्तेफ गावच्या, २००३ सालच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या. एक उघडली, तर वास मनुका आणि सुक्या अंजिराचा, घोट आधी गोडसर आणि शेवटी जीभ कोरडी. बाटली खराब झाली होती का, आणि दुसरी अजून पाच वर्षं ठेवावी का?

खराब झाली होती असं मला वाटत नाही. बुचामुळे वाइन बिघडली असती तर ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला असता आणि फळाचा मागमूस उरला नसता. प्रवासात किंवा घरात उन्हाने तापली असती तर बहुधा बूच वर सरकलेलं किंवा कडेने पाझरलेलं दिसलं असतं. रंग मधोमध गडद आणि कडेला विटकरी होता असं तुम्ही म्हणता. वीस वर्षांपुढच्या बोर्दोचा रंग असाच असायला हवा.

आता सालाकडे येऊ. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली. द्राक्षवेलींनी त्यांच्या परीने जीव वाचवला. पाण्याची टंचाई आणि असह्य ऊन असलं की वेल पानांची रंध्रं मिटून घेते आणि कामच थांबवते. मण्यातलं पाणी मात्र उडत राहतं, त्यामुळे साखर दाट होते. रात्रीही गरम असल्या की मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडतं. म्हणजे साखर तयार, आंबटपणा गेलेला आणि मण्याच्या साल-बियांतलं तुरट टॅनिन अजून कच्चं. तुमच्या घोटात लागलं ते हेच. (नाशिकच्या मळ्यांतही ऊन कमी नसतं, पण तिथे वाइनची द्राक्षं हिवाळ्यात, गार रात्रींत पिकतात. बोर्दोला त्या वर्षी गार रात्रीच मिळाल्या नाहीत.) एरवी साखर घालून मद्यार्क वाढवणाऱ्या या प्रदेशाला त्या साली वाइनमध्ये आम्ल घालायची खास परवानगी युरोपीय संघाने दिली होती, यावरून काय ते समजा.

तरीही सरसकट '२००३ वाईट' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुठल्या जमिनीत वेल होती, हे आधी विचारावं. बोर्दोतल्याच पोमेरोलमध्ये लवकर पिकणारी मर्लो जातीची द्राक्षं बऱ्याच ठिकाणी अक्षरशः होरपळली. तुमची बाटली ज्या साँतेस्तेफची आहे, तिथे खडीखाली चिकणमाती आहे आणि ती पाणी धरून ठेवते. जिरोंदची खाडी शेजारी, आणि उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्यों ही जात जास्त. त्या सालच्या नावाजलेल्या वाइन्समध्ये मोंरोज आणि कॉस देस्तुर्नेल ही दोन्ही नावं याच गावची, हा योगायोग नव्हे. उलट बोर्दोतल्याच साँतेमिल्योंच्या शातो पावी या वाइनवरून २००४ मध्ये वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर आणि जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यात जाहीर जुंपली. त्याने ती डोक्यावर घेतली, तिने २० पैकी १२ गुण देऊन वाटेला लावली. मला विचाराल तर दोघांनी चाखलं एकच होतं. एकाला तो पिकलेपणा वैभव वाटला, दुसरीला पोर्ट या गोड, कडक वाइनची नक्कल.

दुसरी बाटली ठेवू नका, हे माझं स्पष्ट मत. या सालात फळ आधी ओसरतं आणि कोरडं टॅनिन मागे उरतं. थांबून तुरटपणा जाईल अशी आशा असते, जातं मात्र फळ. त्यातून आपल्याकडचा उन्हाळा आणि भारनियमन.

उघडण्याआधी बाटली दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बूच ठिसूळ झालेलं असतं, स्क्रू जपून फिरवा. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर उत्तमच. डिकँटरमध्ये (वाइन ओतायच्या काचेच्या सुरईत) ओता ती फक्त गाळ वेगळा करण्यासाठी, तेही जेवायला बसतानाच. तासन्‌तास उघडी ठेवाल तर राहिलेला सुवासही उडून जाईल. 'रूम टेंपरेचर' हा युरोपातल्या जुन्या घरांचा हिशोब, आपल्या ३० अंशांचा नव्हे. मी अशी वाइन १६ अंशांच्या आसपास पितो. त्याहून गरम झाली की मद्यार्क नाकात शिरतो आणि मनुकाच पुढे येतात.

पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. पहिला घोट या सालात नेहमीच खूश करतो. गिळल्यावर लक्ष द्या: कडेने लाळ सुटते का? सुटली तर आम्लता शिल्लक आहे. नुसत्या हिरड्या आवळल्या तर टॅनिनच उरलंय. मनुकांच्या मागून देवदाराचं लाकूड, तंबाखू, थोडं चामडं असं काही येतंय का तेही पाहा. ते आलं तर बाटली चांगली निघाली असं खुशाल समजा.

सोबत मटण हवंच, पण तांबडा रस्सा नको. तिखटाने मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही भडकतात. मीठ, मिरी, लसूण लावून भाजलेली चाप पुरे. तिची चरबी टॅनिनला बरीच मवाळ करते.