होमस्टेसाठी कोणती एनएफसी चिप घ्यावी? एनटॅग २१३, २१५, २१६ की मायफेअर?

तुम्ही विचारलंय की दापोलीजवळच्या तुमच्या चार खोल्यांच्या होमस्टेत वायफाय, रिव्ह्यूची लिंक आणि खोल्यांची कुलपं या सगळ्याला एकच एनएफसी चिप (फोन टेकवला की वाचली जाते ती) चालेल का, आणि जास्त मेमरीची घेतली की काम झालं का. एकच चिप चालणार नाही. आणि मेमरीचं खूळ तर डोक्यातून काढूनच टाका.

लिंकचं आधी उरकतो, कारण त्यात काही नाही. एनटॅग २१३ घ्या, ही स्टिकरमध्ये येणारी साधी चिप. १४४ बाइट मिळतात, कुठलीही शहाणी लिंक त्यात बसते. २१५ मध्ये ५०४ आणि २१६ मध्ये ८८८ बाइट असतात. २१५ बाजारात सगळीकडे दिसते ती निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीच्या अमीबो बाहुल्यांमुळे, तुमच्या भिंतीला तिचा उपयोग नाही. मोठी चिप लागेल ती नाव, फोन, पत्ता असं सगळं मराठीत थेट चिपमध्ये भरायचं असेल तर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, ३ बाइट खातं. नुसतं 'श्री' लिहिलं की १२ गेले, मग 'मुक्काम पोस्ट' यायच्या आत जागा संपत येते. पण तरीही लिंकच ठेवा, फोन नंबर बदलला तर चिपला हात न लावता पान बदलता येतं. वायफायचं म्हणाल तर चिपमध्ये भरलेली वायफायची नोंद अँड्रॉइड घेतो, आयफोन मात्र नुसता टेकवल्यावर लिंकसारख्या नोंदीच उघडतो. वायफायसाठी शेजारी क्यूआर छापून लावा.

आता कुलपं. इथे कोणी मेमरी विचारली की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आहे.

मी पुण्यात सोसायट्यांना गेटची कार्ड सिस्टिम बसवून देतो. एका मोठ्या सोसायटीला मी डेसफायरचं (मायफेअरच्याच घरातली जास्त सुरक्षित चिप) कोटेशन दिलं होतं, कार्ड आणि रीडर दोन्ही एईएस-१२८ या भक्कम एन्क्रिप्शनवर चालणारे. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. चष्म्यावरून कोटेशन बघत म्हणाले, "अहो, त्या दुसऱ्या कोटेशनवाल्याचंही कार्ड टेकवलं की टिक वाजतं, तुमचंही टेकवलं की टिकच वाजणार. मग तुमची टिक एवढी महाग का?" सभेत सगळे हसले आणि काम दुसऱ्याला गेलं. त्याने मायफेअर क्लासिक या जुन्या चिपची कार्डं दिली, वर "वन-के मेमरी आहे, पुढेमागे पार्किंगलाही वापरता येईल" असं गाजर. आणि रीडर असे, की ते कार्डाचा नुसता युआयडी बघायचे. म्हणजे कारखान्यातून चिपमध्ये येतो तो नंबर. तो नंबर गुपित नसतोच, कुठलाही एनएफसीवाला अँड्रॉइड फोन तो विनापासवर्ड दाखवतो. ती वन-के मेमरी कोणी कधी उघडूनही बघितली नाही.

पुढे लॉगमध्ये गंमत दिसायला लागली. एकाच फ्लॅटचं कार्ड क्लबहाउसच्या जिमला आणि मागच्या गेटला जवळजवळ एकाच मिनिटाला लागलेलं. त्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबा राहतात, आजोबा काठी घेऊन चालतात. चावीवाल्याच्या टपरीवर हल्ली कार्डाचीही डुप्लिकेट निघते हे कमिटीला तेव्हा कळलं, आणि मग माझी आठवण झाली.

सभा पार्किंगमध्येच होती. मी काकांना म्हटलं, तुमचं कार्ड द्या. ते फोनच्या पाठीला लावलं, स्क्रीनवर नंबर आला, तो सगळ्यांना दाखवला. खिशातून एक कोरं कार्ड काढलं, ज्याचा युआयडी बदलता येतो असलं, आणि तिथेच उभ्या उभ्या काकांचा नंबर त्यावर चढवला. काकांचं कार्ड काकांच्या हातात परत दिलं आणि चालत गेटपाशी गेलो. हिरवा दिवा लागला, गेट उघडलं, रजिस्टरमध्ये काकांच्या फ्लॅटची एंट्री पडली. काका म्हणाले, "पण तुमच्याकडे ते खास कार्ड होतं म्हणून!" म्हटलं, "काका, ते खास कार्ड ऑनलाइन मिळतं, आधार न दाखवता."

एवढं होऊन काकांनी अर्धंच ऐकलं. पुढच्या महिन्यात सोसायटीने महागडी डेसफायर कार्डं मागवली आणि रीडर जुनेच ठेवले! ते आजही युआयडीच वाचतात, कार्डाच्या आतली किल्ली, म्हणजे गुप्त कोड, कोणी विचारतच नाही. तिजोरी विकत आणायची आणि दार नुसतं लोटून ठेवायचं, त्यातला प्रकार. काका अजून म्हणतात की मी माझा माल खपवायला नाटक केलं. नाटक होतंच, पण गेट खरं उघडलं होतं.

म्हणून कुलूप घेताना विक्रेत्याला चिपचं नाव नंतर विचारा. आधी हे विचारा की कुलूप युआयडी बघतं की आतली किल्ली तपासतं. "सर, सगळं एन्क्रिप्टेड आहे" हे उत्तर नव्हे. डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३, किल्ली तपासणारं कुलूप, आणि किल्ल्या कंपनीच्या डिफॉल्ट न ठेवता तुमच्यासाठी बदललेल्या, हे तिन्ही बिलावर लिहून घ्या. क्लासिक नकोच. तिचं क्रिप्टो-१ हे एन्क्रिप्शन २००८ मध्येच नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी फोडून दाखवलं होतं. ही चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी ते संशोधन छापू नये म्हणून कोर्टात गेली आणि हरली. तरी २०२४ मध्ये हॉटेलांत लागणाऱ्या सॅफलॉक ब्रँडच्या कुलपांतला दोष बाहेर आला तेव्हा हॉटेलचं कुठलंही एक जुनं कार्ड हाताशी असलं की त्याच हॉटेलचं कुठलंही दार उघडणारी कार्डं बनवता येत होती. तिथेही कार्डं मुख्यतः मायफेअर क्लासिकचीच. मोठ्या हॉटेलांची ही गत, तर तुम्हाला स्वस्तात मिळणाऱ्या कुलपाचं काय?

१२५ किलोहर्ट्झचं जाड पांढरं कार्ड कोणी एनएफसी म्हणून विकत असेल तर सरळ उठून या. ते फोनला दिसतसुद्धा नाही.

आंब्याच्या पेट्यांवर 'अस्सल माल' म्हणून चिप लावायचा विचार असेल तर मात्र २१३ घेऊ नका, तिच्यातली लिंक कोणीही उचलून आपल्या पेटीवर लावेल. त्याला एनटॅग ४२४ डीएनए लागते. दर टेकवण्याला ती लिंकमध्ये नवा कोड घालते आणि तो तुमच्या सर्व्हरवर तपासता येतो. म्हणजे सर्व्हरही आला, त्याचा खर्चही आला.

खरं सांगू का, पाहुणे ओळखीतून येत असतील तर चार खोल्यांना चांगलं पितळी कुलूप पुरे. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण कुलपाच्या बॅटऱ्या रात्री दहाला संपल्या तर पाहुणा मला नाही, तुम्हाला उठवणार आहे.

स्टिकर जांभ्याच्या भिंतीवर, लाकडावर बिनधास्त लावा. लोखंडी गेटवर किंवा स्टीलच्या कपाटावर साधा स्टिकर चालणार नाही, त्याला मागे फेराइटचा थर असलेला अँटी-मेटल टॅग लागतो. आणि लिंक भरली की निरनिराळ्या फोनवर टेकवून बघा, मगच टॅग लॉक करा, कारण एकदा कायमचा लॉक केलेला टॅग परत उघडत नाही. लॉक न करता सोडलात तर एखादा हौशी पाहुणा त्यात स्वतःच्या यूट्यूब चॅनेलची लिंक भरून जाईल.