बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, तरी म्हणे बीएमआय नॉर्मल

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी आई ७८ वर्षांची, बाबा गेल्यापासून वृद्धाश्रमात आहे. जागा चांगली आहे, मावश्या प्रेमाने करतात, पण यावेळी भेटायला गेले तर हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. वजन करायला लावलं तर ४७ भरलं, तीन महिन्यांपूर्वी ५२ होतं. उंची १५० सेंमी, शुगर आहे, डोकं एकदम शाबूत, आवारात फिरते पण गेटबाहेर जात नाही. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवते. खोलीतल्या आजी महिन्यापूर्वी वारल्या तेव्हापासून जास्तच. मॅनेजर म्हणतात वयात एवढं चालायचंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नॉर्मल आहे. मी उगाच घाबरतेय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, अजिबात उगाच नाही. ५२ चे ४७ म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर वजन गेलं, तेही तीन महिन्यांत आणि न ठरवता. बीएमआय २०.९ येतो म्हणून मॅनेजरना नॉर्मल वाटतं, पण तो फक्त आजचा आकडा आहे, किती घसरलं ते तो सांगतच नाही.

म्हाताऱ्या माणसांसाठी एमएनए नावाची सहा प्रश्नांची छोटी चाचणी आहे, पाच मिनिटांत होते. खाणं कमी झालंय का, तीन महिन्यांत वजन किती उतरलं, हिंडणंफिरणं, अलीकडे मोठं आजारपण किंवा मनाला धक्का, स्मृतिभ्रंश किंवा डिप्रेशन, आणि बीएमआय. एकूण १४ गुण, १२ किंवा जास्त ठीक, ८ ते ११ धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी मोजलं, खाणं थोडं कमी धरून आईंचे ५ आले. वजन करता येत नसेल तर बीएमआयऐवजी शिंप्याच्या टेपने पोटरी मोजतात, ३१ सेंमीच्या खाली असेल तर शून्य गुण. फक्त पायावर सूज असेल तर पोटरीवरही विश्वास नको आणि काट्यावरही, पाण्याचं वजन खरी घट झाकून टाकतं.

ही चाचणी फक्त धोक्याची घंटा वाजवते, वजन का उतरलं ते डॉक्टरांनी शोधायचंय, म्हणून याच आठवड्यात दाखवा. थायरॉइड, बी-१२, गिळताना ठसका, बद्धकोष्ठता, मन उदास, यातलं काहीही असू शकतं, शिवाय मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनेही भूक मरते. आणि हे नक्की सांगा की खाणं निम्म्यावर आलंय पण शुगरच्या गोळ्या पूर्वीच्याच चालू आहेत, काही गोळ्यांनी अशात शुगर एकदम खाली जाते. स्वतः मात्र गोळी बंद करू नका.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते शुगरचं पथ्य. ७८ व्या वर्षी, वजन उतरत असताना, तूप नको बटाटा नको केळं नको करत बसायचं नसतं, डॉक्टरांना विचारून ते सैल करून घ्या. किडनी ठीक असेल तर आईंना दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागेल, अर्धी पोळी आणि पातळ वरणात ते कुठून येणार? घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, तेही थोडं थोडं पाच-सहा वेळा. आश्रमात रात्रीचं जेवण साडेसहालाच उरकत असेल तर झोपताना कपभर दूध मागून घ्या.

मॅनेजरशी भांडू नका, पण दर महिन्याला सगळ्यांचं वजन त्याच काट्यावर करून वहीत लिहा असा आग्रह धरा, आईंचं सध्या दर आठवड्याला. आणि पुढच्या वेळी जेवणाच्या वेळेलाच जा, शेजारी बसा, कवळी सैल झालीय का बघा. वजन उतरलं की हिरड्याही आक्रसतात, कवळी टोचते, आणि आई ते कुणाला सांगत नाहीत, नुसतं ताट सरकवतात.