पक्षी टिपायला समुद्रकाठच्या पाणथळीवर प्रथमच कॅमेरा घेऊन जाताना
निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने कालचा अंदाज आज चालत नाही. पाणी चढू लागले की दूरच्या चिखलात विखुरलेले तुतवार, चिखल्या आणि टिलवे हे पक्षी आपोआप काठाकडे सरकतात, म्हणून पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी सूर्य पाठीशी घेऊन, परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही अशा जागी बसून राहावे. त्यांच्यामागे धावण्यात काही हशील नाही. काळसर चिखलावरच्या बगळ्याची पिसे फोटोत पांढरीफटक पडतात, तेव्हा एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) एखाद्या स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, कमी करावे. निसर्गदृश्ये (त्यांची घाई नसतेच) ओहोटीनंतर टिपावीत. चरणारा थवा माना उंचावून स्तब्ध झाला, तर एक पाऊलही पुढे टाकू नये.