मांडे करून कोपर आणि मनगट दुखतं, कोणते व्यायाम करावेत?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वहिनी आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मांड्यांच्या ऑर्डरी घेतात, कणीक तिंबताना आणि मांडा हातावर मोठा करताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, ती मनगटाकडे उतरते, आणि हात ताणून फरक पडत नाही. मी धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. खापरावर (मांडे भाजायच्या मातीच्या भांड्यावर) हात चालवणाऱ्या बायका सणासुदीला आणि कापूस वेचणीच्या हंगामात माझ्याकडे हेच दुखणं घेऊन येतात.

मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. म्हणून काम मनगटाचं आणि दुखतो कोपर. डॉक्टर बहुतेक टेनिस एल्बो म्हणतील.

ताण द्यायला हरकत नाही. हात समोर सरळ, तळवा जमिनीकडे, दुसऱ्या हाताने पंजा खाली वाकवून आपल्याकडे ओढायचा. 30 सेकंद, तीनदा. मग तळवा वर करून बोटं हळूच मागे ओढायची. हात मोकळा वाटतो, पण ताकद त्याने येत नाही, आणि खरी कमी ताकदीचीच आहे.

त्यासाठी अर्धा लिटरची पाण्याची बाटली पुरे. हात टेबलावर टेकवून मनगट कडेच्या बाहेर ठेवा, तळवा खाली, मुठीत बाटली. पंजा वर उचलायला डाव्या हाताची मदत घ्या. खाली सोडताना मात्र एकट्या उजव्याने, मनात चार अंक मोजत, सावकाश. मुख्य फायदा या खाली सोडण्यात आहे. 10 ते 15 वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. करताना थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर बाटलीतलं पाणी कमी करा. सोपं वाटू लागलं की मोठी बाटली घ्या. याच्या जोडीला लांब दांड्याचा डाव टोकाला धरून तळवा वर-खाली फिरवायचा. बाजारात मिळणारा दाबायचा बॉल सध्या नको. मूठ आवळताना तेच दुखरे स्नायू राबतात.

आखाजी महिन्यावर आली आहे आणि या दुखण्याला निदान सहा ते बारा आठवडे लागतात, तेव्हा तोवर पूर्ण बरं होईल असं मी सांगणार नाही. यंदा कणीक तुम्ही तिंबा. पुरणाचं पातेलं वहिनींनी उचललंच तर तळवे वर ठेवून, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून.

आणि एक विचारा त्यांना: रात्री अंगठा, तर्जनी, मधल्या बोटात मुंग्या येतात का? झोपेतून उठून हात झटकावा लागतो का? तसं असेल तर मनगटात नस दबत असू शकते. मग बाटली बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.