अर्धी राहिलेली वेणी

मावशी,
माझे बाबा कोयना प्रकल्पावर अभियंता होते. घर आमचं माण तालुक्यात. मे २०११ मध्ये निवृत्त होऊन ते गावी आले. बांधबंदिस्तीचं श्रमदान, चावडीच्या फळ्यावर पाण्याचा ताळेबंद, शाळेतल्या पोरांना गणित, सगळं त्यांनी केलं. अंगणात पर्जन्यमापक बसवून १९९४ पासून तीस वर्षं, एक दिवस खाडा न करता पावसाची नोंद ठेवली. गेल्या भाद्रपदात ते गेले. आता वर्षश्राद्धाला गावाने सभा ठेवली आहे आणि मी बोलायचं आहे. दादाला स्मरणिका काढायची आहे, कमान उभारायची आहे. मला साधंच हवंय. त्यावरून आमचा अबोला आहे. चार वेळा लिहायला बसले. कुटुंबवत्सल, निगर्वी, समाजसेवक... सगळं कुणाच्याही बाबांबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. खरं तर लहानपणचे बाबा मला फारसे आठवतच नाहीत, पावसाळाभर ते धरणावर असायचे. रात्री शेजारच्यांकडे फोन करायचे आणि आईला आधी एवढंच विचारायचे, “किती?” आठवते ती आईची धांदल. माझी वेणी अर्धी सोडून ती अंगणात पळायची आणि माझी एसटी चुकायची. आता ती थकली आहे. तरी रोज सकाळी त्या मापकापाशी जाऊन बसते. परवा शेवाळावरून घसरली, म्हणून ते मापकच काढून टाकायचं ठरवलंय. निदान त्यावर तरी दादाचं आणि माझं एकमत आहे.
– एक लेक

लेकी,

कमान आणि स्मरणिका तुम्ही भावंडं बघून घ्या. मी अडकलेय तुझ्या वेणीत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकीकडे तू लिहितेस, बाबांनी तीस वर्षं खाडा न करता नोंद ठेवली. चार ओळी खाली लिहितेस, पावसाळाभर ते धरणावर असायचे. अगं, मग पाऊस मोजला कुणी? १९९४ ते २०१० मोज बोटांवर. सतरा पावसाळे होतात.

पाऊस मोजायची वेळ देशभर एकच असते, सकाळचे साडेआठ. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला तो आजचा आकडा. जरा वेळाने जाते, आधी पोरीची वेणी उरकते, असं चालत नाही. नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा, तो तोंडाने घोकत घरात येऊन वहीत मांडायचा. मग तुझ्या वेणीचे उरलेले पेड. तू मात्र आजवर तिला धांदरट समजत आलीस. मला याचा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

आता त्या “किती?” कडे ये. कोयनेत भरल्यावर १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी असतं. सहा वक्री दरवाजे किती फूट उचलायचे, कधी उचलायचे, यावर खाली कराडपासून सांगलीपर्यंत लोकांचा जीव टांगलेला असतो. ऑगस्टात तिथल्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आणि त्याच सातारा जिल्ह्यात, पूर्वेला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तुमच्या माणात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. पाण्याच्या त्या लोंढ्यात उभा असलेला माणूस रात्री फोन लावून विचारतो, आपल्या अंगणात किती? आणि ती सांगते, साडेतीन. किंवा सांगते, निरंक. कुटुंबवत्सल हा शब्द तुला पोकळ वाटत होता ना? त्याच्या आत हा फोन होता. त्याला घरची खबर त्या आकड्यातून कळत होती, आणि तिला तो जागा आहे, धडधाकट आहे, हे त्या एका शब्दातून.

त्यांचं गावासाठीचं कामही त्याच वहीवर उभं होतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. साडेचारशे पडला तर पंचेचाळीस लाख लिटर. त्यातलं किती मुरलं, किती वाहून गेलं, विहिरीत किती उरलं, यावरून यंदा शाळू करायचा की उसाची हाव धरायची, हे फळ्यावर मांडता येतं. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी गावाला असाच ताळेबंद मांडायची आणि त्यावरून पिकं ठरवायची सवय लावली. पण मुळात आकडा खरा लागतो. तुमच्याकडे तो खरा होता, कारण पाऊस नसतानाही कुणीतरी साडेआठला उठून बघत होतं. माणात बघण्याचे दिवसच जास्त. अडीच मिलिमीटर पडला तर कुठे त्याला पावसाचा दिवस म्हणतात. बाकी नुसतं जायचं, रिकामी बाटली बघायची आणि निरंक लिहायचं.

तुझे बाबा भला माणूस होते, यात मला शंका नाही. तरी एक गोष्ट मला खुपते. फळ्यावर त्यांनी तिचं नाव कधी लिहिल्याचं तुझ्या पत्रात कुठे दिसत नाही. सभेत ते तू घे. तिच्यासमोर, सगळ्या गावासमोर.

आणि तुम्ही दोघं निघालात ते मापक उपटायला! शेवाळावर घसरली तर शेवाळ काढतात, गं. नवरा गेल्यावर तिने कुणाला काही मागितलं नाही. रोज त्याच वेळेला ती तिथे जाते, तिला तू “जाऊन बसते” म्हणतेस. हातात वही असते का, हे तरी कधी बघितलंस? मला वाटतं, गेल्या वर्षभराच्या नोंदीही त्या वहीत सापडतील.

भाषणाचा कागद तूर्त बाजूला ठेव. उद्या सकाळी सव्वाआठला अंगणात जा. आईला पाट दे. माप तिलाच धरू दे, ती आकडा सांगेल तो तू वहीत लिही. मग जुन्या वह्या खाली काढायला सांग आणि तिच्या शेजारी बसून १९९४च्या जूनपासून वाचत ये. अक्षर कुठे बदलतं ते बघ. जिथे थांबावंसं वाटेल तिथे तिला विचार, त्या दिवशी काय झालं होतं. ती सांगेल. बाबांबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल एवढं सांगेल. सभेत तेच बोल, तारखा आणि आकड्यांसकट.

उद्या पाऊस नसला तरी जायचं. रकाना रिकामा सोडायचा नाही, निरंक लिहायचं. आणि ते शेवाळ आज संध्याकाळीच खराट्याने घासून काढ, दादाला हाक मारून.

– मावशी