चित्र काढताना कानात गाणी असावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहात, कानात गाणी असल्याशिवाय हात चालत नाही, सर म्हणतात ही सवय आत्ताच मोडा. तर खरंच तोटा होतो का, आणि ऐकायचंच तर काय ऐकावं?

मी गेली तीसेक वर्षं चित्रं काढूनच पोट भरते. दिवाळी अंकांतली कथाचित्रं, मुलांची पुस्तकं आणि स्वतःच्या हौसेसाठी जलरंग. या काळात घरात बहुतेक वेळ काही ना काही वाजतच होतं, तेव्हा सरांच्या बाजूनं निकाल देताना माझी जीभ जरा अडखळतेय. पण ते अगदीच चूक नाहीत. माझा अनुभव असा की गाण्यानं हाताचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते नजरेचं.

कॉलेज संपल्यावरची गोष्ट. कसब्यातल्या एका पडक्या वाड्याची स्केचेस करून आणली होती, त्यावरून रात्री मोठा जलरंग करायला बसले. किशोरीताईंचा, म्हणजे गायिका किशोरी आमोणकरांचा, भूप राग लावला होता. कॅसेट उलटसुलट करत रात्रीचे दोन वाजले. डोळ्यांत पाणी वगैरे आलं. वाटलं, आज काहीतरी जमलंय, वाड्याची सगळी शांतता कागदावर उतरलीय. सकाळी चहाचा कप घेऊन चित्रासमोर उभी राहिले तर समोर एक राखाडी लगदा. सगळ्या सावल्या एकाच वजनाच्या, दिंडी दरवाजा एका बाजूला कललेला, आणि ज्या ओसरीवर प्रकाश पडायला हवा तिथे कागदाचा पांढरा रंग मी कधीच बुजवून टाकला होता. रात्री दिसलेली शांतता किशोरीताईंची होती. चित्रात ती नव्हतीच.

गाण्यापासूनचा खरा धोका हाच. गाणं सुंदर असतं, आपण त्यात भिजलेले असतो आणि त्याच डोळ्यांनी चित्राकडे बघतो. गाण्याचे मार्क चित्राच्या खात्यावर जमा होतात. चित्र काढताना दर पाच मिनिटांनी आपण निकाल देत असतो: हे गडद पुरेसं आहे का, ही कड मऊ हवी का, इथं थांबू का? ज्याचं मन आधीच भरलंय तो हा निकाल कडक देत नाही. शेजारच्या मुलाचे पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखी त्याची गत होते.

मग इतकी वर्षं माझं भागलं कसं? बरंचसं श्रेय कॅसेटला. हे तुमच्या पिढीला गमतीचं वाटेल. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, साठच्या कॅसेटची तीस. बाजू संपली की प्लेअरचं बटण खट्‌कन वर यायचं. हात धुवायचे, उठायचं, कॅसेट उलटायची. परत येताना चार पावलांवरून चित्र दिसायचं आणि तेही शांततेत, कारण बटण दाबायला जीव व्हायचा नाही. माझ्या निम्म्या चुका त्या चार पावलांत सापडल्या आहेत. तेव्हा हे कळत नव्हतं. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांच्या दुकानात उभं राहून कॅसेट निवडताना मी फक्त राग आणि गायक बघायचे. आता मोबाइलवर एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, तेही पहिल्याशी मिळतंजुळतं, म्हणजे नशा उतरायची सोयच नाही. तीन तासांनी मान वर होते तेव्हा चित्र मेलेलं असतं. म्हणून पहिला व्यावहारिक सल्ला: आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा. एक रेकॉर्डिंग लावा, ते संपू द्या, उठा, आणि काहीही न लावता पाच मिनिटं लांबून चित्र बघा.

आता गाण्याचा उपयोग. तो आहे, आणि चांगला आहे.

जलरंगात सगळा खेळ वाळण्याच्या वेळेचा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, लावला की ब्रश धुवून येईपर्यंत कडा वाळायला लागतात. जुलैत तोच वॉश वीस मिनिटं ओलाच्या ओला. ओल्यावर ओला रंग कधी सोडायचा हे घड्याळ बघून ठरवता येत नाही. कागदावरची चकाकी जाऊन तो नुसता ओलसर दिसायला लागतो तो क्षण पकडायचा असतो. थांबणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग, कारण हाताला चैन नसते. तिथे मला विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालानं शिस्त लावली. बारा मात्रांचा एकताल अतिविलंबित लयीत असला की एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट जातं. वॉश लावायचा, ब्रश खाली ठेवायचा आणि दोन वेळा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. गायकही समेवर धावत येत नाही ना! त्याला वेळ आहे, मग मला कसली घाई? उन्हाळ्यात एक सम, पावसाळ्यात मोजणं सोडून द्या आणि भजी तळायला जा.

शाईच्या कामात उलट. क्रॉसहॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी छटा भरणं), पानंच्या पानं रेघा, पार्श्वभूमीतली कौलं, विटा, झाडाची पानं. इथं ठरवायचं काही नसतं, नुसतं करायचं असतं, आणि कंटाळ्यानं हात ढिला पडतो. इथं ठेका हवा. माझं दिवाळी अंकांचं काम नेमकं ऑगस्टमध्ये गळ्याशी येतं, आणि त्याच दिवसांत म्हात्रे पुलाच्या बाजूला नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. घराची खिडकी त्या दिशेला. पहिली काही वर्षं मी संतापाने खिडक्या लावून घामाघूम होत बसायचे. एका वर्षी हार मानली, खिडकी उघडली आणि त्या ठेक्यावर रेघा ओढू लागले. त्या वर्षीच्या रेघा बघाल तर सैनिकांच्या रांगा! एका विनोदी कथेच्या चित्रातली म्हैससुद्धा जरा कवायतीला निघाल्यासारखी दिसते, पण संपादकांना आवडली.

म्हणजे सवाल "गाणं हवं की नको" एवढाच नाही. कामाच्या कुठल्या टप्प्यावर, हा आहे. कथाचित्र करताना मी कथा वाचते तेव्हा पंखासुद्धा हळू ठेवते. कोणता प्रसंग घ्यायचा, कुणाचा चेहरा दिसू द्यायचा, कुणाची पाठ, हे छोट्या कच्च्या चौकटींत ठरतं. तेव्हाही घरात शांतता. एकदा ठरलं, पेन्सिल पक्की झाली, की मग काय वाटेल ते लावा.

अक्षरं काढताना मात्र मराठी गाणं कधीच नाही, हा नियम मी नाक कापून घेऊन शिकले. एका अंकासाठी "सांजवेळ" असं शीर्षक ब्रशने लिहायचं होतं. रेडिओवर भावगीत चालू. गाण्यात चांदणं आलं आणि माझ्या कागदावर "सांजदणं" उतरलं. मला ते दिसलंच नाही! संपादकांचा फोन आला, "ताई, हा नवा शब्द छान आहे, पण अर्थ काय?" शब्द ऐकणारा आणि शब्द लिहिणारा भाग एकाच नळाचं पाणी वापरतात, असं त्या दिवशी वाटलं. हिंदी गाण्यांनीही हा त्रास होतो, तंतुवाद्यांनी होत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मोझार्ट ऐकल्यानं डोकं तल्लख होतं असं कुणीतरी खाली सांगणारच, म्हणून लिहिते. 1993 मध्ये अमेरिकेत 36 विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा ऐकवला, आणि घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल अशा प्रकारच्या कोड्यांत ते थोडे सरस ठरले. परिणाम टिकला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. ऐकणं आधी झालं होतं आणि कोडी नंतर सोडवली होती, हे लोक विसरतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की यात मोझार्टची जादू फारशी नसून मन ताजंतवानं, खुशीत असण्याचा वाटा मोठा आहे. उलट 2019 च्या एका अभ्यासात तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधायला दिला, तेव्हा संगीत चालू असताना लोकांची कामगिरी घसरली. अनोळखी भाषेतलं गाणं असो, नुसती वाद्यं असोत की ओळखीचं गाणं. ग्रंथालयातल्या बारीक आवाजांनी मात्र काही बिघडलं नाही. पण हे शब्दांचं कोडं आहे, समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र नव्हे. दोन्हींतलं एकही उदाहरण सरांवर फेकू नका.

इअरफोनबद्दल मात्र मी सरांच्या पूर्ण बाजूची आहे. स्पीकर चालेल, हळू आवाजात. कान बुजवले की कामाचा स्वतःचा आवाज जातो, आणि तो फार काही सांगत असतो. खडबडीत हातकागदावर कोरडा ब्रश फिरवताना बारीक खरखर येते. ती थांबली म्हणजे ब्रशमध्ये पाणी जास्त झालं. निब कागद ओरबाडायला लागली की आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर. कोळशाची कांडी फार दाबली तर ती किंचाळते. शिवाय वर्गात सर दुसऱ्या मुलाला काय सांगतायत हे ऐकू येत नाही, आणि माझं निम्मं शिक्षण तर दुसऱ्यांना दिलेल्या शिव्या ऐकून झालंय.

एक गैरसमजही दूर करते, कारण मी स्वतः तो बाळगून होते. वाटायचं की संगीत आणि चित्र यांचं नातं म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालणं. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा मी स्केचबुक घेऊन भारतीय बैठकीत बसायचे. ती वही अजून आहे. साथीदारांची पानं पूर्ण, श्रोत्यांची शाली आणि थर्मास पूर्ण, आणि अण्णांची, म्हणजे भीमसेनजींची, प्रत्येक आकृती अर्धवट. एक उचललेला हात, एक खांदा, आणि पुढे कोरा कागद. गाणं खरंच लागलं की पेन्सिल थांबायची. त्यांचं चांगलं चित्र माझ्या हातून झालं ते घरी आल्यावर, दोन दिवसांनी, आठवणीवरून.

अमूर्त चित्रं काढणाऱ्या कांडिन्स्कीचंही असंच. जानेवारी 1911 मध्ये म्युनिकला त्यानं संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकली आणि लगेच पुढच्या दिवसांत ते पिवळ्याधमक रंगाचं चित्र केलं, ज्यात पियानोचा काळा आकार वर उसळलेला आहे. ऐकून झालं, मग रंगवलं. आपल्या रागमाला चित्रांकडे, म्हणजे एकेका रागाचं रूप दाखवणाऱ्या जुन्या लघुचित्रांकडे, बघूनही लोकांना वाटतं की चित्रकार शेजारी गवई बसवून रंगवत असेल. त्याच्यासमोर बहुतेकदा असे तो रागाचं रूप सांगणारा श्लोक किंवा दोहा, आणि आधीच्या चित्रांची परंपरा. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं, हे ठरलेलंच.

म्हणून काय ऐकावं याचं माझं उत्तर दोन तुकड्यांत येतं. काम करताना ऐकायचं तर ओळखीचं ऐका, शंभरदा ऐकलेलं. नव्या गाण्याला कान द्यावा लागतो, जुनं गाणं घरातल्या माणसासारखं वावरतं. आणि जे संगीत खरोखर मोठं आहे ते काम बाजूला ठेवून ऐका. एखादा मारवा राग घ्या. पंचम (प) नाहीच, रिषभ (रे) कोमल, आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, गायक टेकता टेकत नाही. हा राग पाय टेकायला जमीनच देत नाही, आणि त्यातूनच ती संध्याकाळची हुरहूर तयार होते. क्षितिजरेषा न दाखवता निसर्गचित्र करून बघावं हे मला मारवा ऐकूनच सुचलं. रेघा ओढता ओढता ऐकला असता तर कधीच सुचलं नसतं.

वार्षिक परीक्षेचा हॉल शांत असतो, तेव्हा फेब्रुवारीपासून तरी आठवड्यात दोन चित्रं गाण्याशिवाय करा. हात चालत नाही म्हणता, तो पहिली वीस मिनिटं चालणार नाही, मग चालेल.

आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर स्वतः करून बघा. एकच मांडणी, तांब्या, दोन लिंबं आणि एक फडकं, दोनदा काढा. एकदा गाणं लावून, एकदा शांततेत. मागे खूण करा, आठ दिवस कपाटात ठेवा, मग मागची बाजू न बघता ओळखा. मी अशा सहा जोड्या केल्या होत्या. पेन्सिलच्या चित्रांत मला काडीचा फरक ओळखता आला नाही. जलरंगातली गाण्याची चित्रं मात्र सगळी ओळखली. त्यांत कुठेच पुरेसं गडद नव्हतं. शेवटचा काळोख लावायची वेळ येण्याआधीच मी खूश होऊन ब्रश खाली ठेवला होता.